चाळीसपैकी नऊ

सरळ चाललो होतो, नाकासमोर.
समोरून गॅसच्या टाक्यांची व्हॅन आली,
डावीकडे वळली.
मला पाहिलंच नाही, एवढं तिचा ड्रायव्हरही कबूल करतो.

गुडघ्याचे पैसे लगेच मिळाले.
गुडघ्याचा फोटो निघतो, फोटोत तीन खिळे दिसतात,
खिळ्यांचं बिल असतं.

भांडण उरलंय ते नाकाचं.

कपाळामागे हाडाची एक चाळणी असते,
डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
तिच्या भोकांतून केसाहून बारीक धागे येतात.
डोकं डांबरावर आपटलं आणि ते कापले गेले.
बेकरीवाल्याला चाळणी समजावून सांगावी लागत नाही.

आमच्या न्यू हॅम्पशायरात मोठ्या माणसाला
हेल्मेटची सक्ती नाही.
नंबरप्लेटवरच लिहिलंय: मोकळं जगा, नाहीतर मरा.
मधलं काही त्या पट्टीवर मावलं नसावं.

विमा कंपनीच्या हार्कनेसबाई फार सभ्य.
मला पाणी दिलं, खुर्ची दिली,
आणि विचारलं, मिस्टर पेल्शा, 
डोक्याला झालेल्या इजेत डोक्याचा दोष किती टक्के?

मग ती परीक्षा.
चाळीस पानांची वही. नखानं खरवडा, हुंगा, चारांतलं एक निवडा.
पुदिना की रॉकेल. अननस की कातडं.
मी प्रत्येक पान हुंगलं, देवळातल्यासारखं, डोळे मिटून.
नऊ बरोबर आली.
त्यांच्या तज्ज्ञानं लिहिलं: आंधळेपणानं खुणा केल्या
तरी सरासरी दहा येतात,
हा माणूस मुद्दाम चुकतोय.
एका मार्कानं मी खोटारडा.

अर्जात लिहिलंय, नुकसानीचे स्वरूप: घ्राणशक्ती.
त्यात करपट नाही. आंबूस, खमंग, खवट, ओशट,
कुबट नाही, पावाची पहिली वाफ नाही.
बापानं क्युबेकहून कोटाच्या आत लपवून आणलेल्या
आंबवणाची बरणी नाही.
तिच्यात आता माझी मुलगी डोकावते.
पहाटे साडेतीनला, केस न विंचरता,
सोलांज वाकते, हुंगते, म्हणते, ठीक आहे, पपा.
तिचे तास दाव्यात धरलेत.
तिची झोप धरता येत नाही म्हणे.

वकील मार्कोत म्हणाला, जबानीत विचारतील,
हेल्मेट का नव्हतं. सांग, विसरलो.
विसरभोळ्याला लोक माफ करतात, हौशीला नाही.

पण विसरलो नव्हतो.
खुंटीवर होतं. हात लावला, आणि सोडून दिलं.
जून होता. रूसोच्या कुरणात गवत कापून पडलं होतं,
पुढे ओल्या लाकडांचा ढीग, मग नदी.
हेल्मेटात काय येतं? स्वतःचा श्वास, कालची कॉफी.
रात्रभर भट्टीपाशी उभा होतो,
पिठानं बुजलेलं नाक धुवायला निघालो होतो मी,
दुसरं काही नाही.

प्रश्न आला. टंकलेखिकेची बोटं हवेत थांबली.
वास घ्यायला, मी म्हणालो.
पुन्हा सांगाल का, ती म्हणाली.
मार्कोत टेबलाखाली आपले बूट बघत होता.

शेवटी चाळीस टक्के माझे ठरले.
साठ त्यांचे, त्यांतला तिसरा हिस्सा मार्कोतचा.
उरलं तेवढ्यात भट्टीचं नवं दार येईल,
आणि एक यंत्र, धूर झाला की ओरडणारं.

ते अजून यायचंय.
मी भट्टीपासून दोन हातांवर उभा आहे,
हातात चेक, आकडा पुन्हा वाचतोय,
आणि वरच्या जिन्यातून
सोलांज ओरडतेय, पपा,
पपा, काय जळतंय?